शुद्ध केलेले सांडपाणी आणि गोल्फची हिरवळ : खत किती द्यायचे?

सुरतच्या बमरोली प्रकल्पात सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत प्रक्रिया होते. २०१४ पासून ते पाणी पांडेसराच्या कारखान्यांना मिळते. असेच पाणी गोल्फच्या मैदानाला दिले, तर तापीचे पिण्याचे पाणी वाचते. पण खताचा हिशेब बदलतो.

अशा पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर १ लाख लिटरमधून १ किलो नायट्रोजन, म्हणजे दोन किलोंहून जास्त युरिया फुकटात पडतो. तेवढे खत कमी करायचे. नाहीतर गवत नुसतेच माजते आणि रोगाला बळी पडते.

खरा धोका सोडियमचा. इथल्या काळ्या जमिनीत तो साचला की माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हटवते; मग भरपूर पाणी देऊन तो खाली धुऊन काढायचा. त्यासाठी निचरा चांगला हवा.

‘ग्रीन’ म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ बहुधा वाळूवर असते. तिथे क्षारांबरोबर पालाशही वाहून जाते, म्हणून खत थोडे थोडे, वरचेवर द्यावे.

पावसाळा क्षार धुतो, उन्हाळ्यात ते पुन्हा वर येतात. म्हणून माती पावसाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासून घ्यावी.