शेठजींचे विमान की मालाचे विमान?

गेल्या पाडव्याला सकाळीच माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पाया पडला, चकलीचा तुकडा मोडला आणि खिशातून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवीत म्हणाला, "गुरुजी, यातला कुठला घेऊ?"

हा मुलगा बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीचा. आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जात, आणि सहा महिने हा आजीजवळ राहून आमच्या शाळेत येई. पुढे काही शिष्यवृत्तीवर, काही जमीन गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर तो विमान चालवायला शिकला. दोनशे तासांचे उड्डाण पुरे करून परवाना मिळवला आणि मग नोकरीची वाट पाहत दोन वर्षे घरी बसला. ज्या बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वेगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे त्या पाडव्याच्या जेमतेम महिनाभर आधी आली, जिथे विमानतळ अजून नाही, त्या जिल्ह्यातला मुलगा वैमानिक होतो, याचे आम्हा सर्वांना केवढे अप्रूप! आणि आता एकदम दोन नोकऱ्या दारात उभ्या.

पहिला कागद एका खाजगी कंपनीचा. तिच्यापाशी छोटी जेट विमाने. त्यांतून उद्योगपती आणि पुढारी हिंडतात. दुसरा कागद मालवाहू कंपनीचा. तिच्या विमानांत माणूस बसत नाही. टपाल, औषधे, यंत्रांचे भाग अशी गाठोडी रात्रभर या शहरातून त्या शहरात जातात. पहिल्या ठिकाणी पगार थोडा जास्त. बाँड दोन्हीकडे, म्हणजे अमुक वर्षे सोडून जाता येणार नाही. "आपल्याकडची उचलच म्हणा की," तो हसून म्हणाला. मला मात्र हसू आले नाही. मुकादमाच्या उचलीपायी त्याच्या बापाची उमर गेली, ती मी पाहिली होती.

मी स्वतः आजवर विमानात पाऊल ठेवलेले नाही. परंतु इतिहास शिकवतो. म्हटले, "चार दिवस दे. मी इतिहासाला विचारतो."

वाचकहो, इतिहासाने पहिल्याच दिवशी माझी समजूत मोडली. मला वाटे, माल वाहणे हे विमानाचे दुय्यम काम. माणसे आधी, गाठोडी मागून. आपल्या देशात नेमके उलटे घडले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटेच उडाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या पस मॉथ विमानात प्रवासी नव्हता. टपालाच्या थैल्या होत्या. अहमदाबादेला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. ज्या धंद्यातून पुढे एअर इंडिया उभी राहिली, त्याचा पहिला गिऱ्हाईक पोस्टखाते होते.

दुसरी मौज आपल्या नागपूरची. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे, मध्यरात्रीनंतर सारी नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत जो तो आपल्या गावी परते. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचा याबाबत आग्रह, तर रात्री उतरण्याची साधने अपुरी म्हणून जे. आर. डी. टाटांचा विरोध. पहिली कंपनी काही महिन्यांतच थांबली. त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशनने ते काम पुन्हा उचलले. पत्र दुसऱ्या दिवशी मिळाले म्हणून आनंदणाऱ्या माणसाला त्या रात्रीच्या डाकोटा विमानाची आठवण कशाला होईल?

रात्रीने आपली किंमतही घेतली. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उडताच कोसळले. त्यात मजूरनेते हरिहरनाथ शास्त्री आणि इतर गेले. वैमानिक तेवढा वाचला. मालाच्या विमानाकडे वळणाऱ्याने हे पान मिटून पुढे जाऊ नये.

आणखी एक नवल. अमेरिकेत १७ एप्रिल १९७३ च्या रात्री फेडरल एक्स्प्रेस नावाच्या कंपनीने मेम्फिस शहरातून काम सुरू केले. चौदा विमाने, पंचवीस शहरे आणि पहिल्या रात्रीची पुडकी अवघी १८६! सगळा माल रात्री एका मधल्या शहरात आणायचा आणि तिथून वाटायचा, ही तिची युक्ती जगभर वाखाणली गेली. आमचे नागपूर तेच काम चोवीस वर्षे आधी करीत होते. पण मौज पुढेच आहे. ती चौदा विमाने फ्रेंच बनावटीची फाल्कन, म्हणजे मुळात शेठलोकांसाठी बनवलेली छोटी जेट! गाद्या काढल्या, गाठोडी भरली, की शेठजींचे विमान मालाचे झाले. विमानाला आपली जात ठाऊक नसते. ती आपण लावतो.

तिसऱ्या दिवशी मला प्रेम माथुर भेटल्या, अर्थात कागदावर. व्यावसायिक वैमानिक झालेल्या या पहिल्या भारतीय बाई. १९४७ मध्ये परवाना मिळाला, आणि एकामागून एक आठ विमान कंपन्यांनी त्यांना नकार दिला. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसायचे नाहीत, ही धास्ती! शेवटी होकार आला तो हैदराबादच्या डेक्कन एअरवेजचा, निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कंपनीचा. तेव्हा आमचा बीड जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे पहिल्या वैमानिक बाईंना आमच्याच राज्याने थारा दिला, असे म्हणायला हरकत नाही. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विमानशर्यत जिंकली. तरी डेक्कनमध्ये त्यांना मुख्य वैमानिकाची जागा मिळेना. तेव्हा त्यांनी दिल्लीला घनश्यामदास बिर्लांचे खाजगी विमान चालवण्याची नोकरी धरली. आणि पुढे १९५३ मध्ये पुन्हा मोठ्या कंपनीत, इंडियन एअरलाइन्समध्ये, गेल्या. एक दार बंद झाले तर शेठजींच्या दाराने आत शिरता येते, आणि त्या दाराने बाहेरही पडता येते, हे या बाईंनी दाखवले.

चौथा माणूस मात्र वेगळ्या मासल्याचा. माझे चुलते सांगत, की १९४८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गावोगाव कुजबूज होती: रात्री विमाने येतात आणि रझाकारांसाठी बंदुका उतरवतात. लहानपणी मला ती दंतकथा वाटे. ती दंतकथा नव्हती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकॅस्ट्रियन विमाने आणून निजामाच्या मुलखात शस्त्रे उतरवीत होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने तो खेळ संपला. ब्रिटनमध्ये त्याला शिक्षा काय झाली? दोनशे पौंड दंड! याच कॉटनने १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, व्यापारी असल्याचे सोंग घेऊन छोट्या खाजगी विमानातून जर्मनीवर घिरट्या घातल्या होत्या, आणि त्या विमानाच्या पोटात छुपे कॅमेरे होते. म्हणजे या एकाच माणसाने दोन्ही धंदे केले. ब्रिटिशांनी पहिल्या कामाबद्दल त्याला डोक्यावर घेतले. दुसऱ्या कामाने आमच्या खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या छातीवर बंदुका आल्या. तात्पर्य, पुढे कोण बसतो यापेक्षा पोटात काय आहे, हे वैमानिकाने अधिक विचारावे.

भाऊबीजेनंतर तो पुन्हा आला. मी चार दिवसांचे टिपण त्याच्यापुढे मांडले. शेठजींच्या विमानात वेळापत्रक नसते. फोन वाजला की निघायचे. सामानही कित्येकदा वैमानिकानेच चढवायचे. विमाने थोडी, तेव्हा मालकाचा धंदा बसला की वैमानिकही जमिनीवर. मात्र छोट्यामोठ्या अनेक धावपट्ट्या पाहायला मिळतात. मालाच्या विमानात वेळापत्रक असते, पण ते रात्रीचे. झोपेचे घड्याळ उलटे चालते. टाळ्या नाहीत, ओळखी नाहीत. आणि माल म्हणजे कायमची हमी, असेही नव्हे: कॅप्टन गोपीनाथांनी २००९ मध्ये नागपूर हे केंद्र धरून डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी काढली, ती काही वर्षांतच मिटली. उलट १९९६ पासून मालाची विमाने चालवणारी ब्लू डार्ट आजही उडते आहे.

"मग तुमचं मत काय, गुरुजी?"

मी म्हणालो, "शेठजींकडे जा. पगार जास्त आहे, कर्ज लवकर फिटेल." खरे सांगायचे तर, एखाद्या मंत्र्याशेजारी उभा असलेला त्याचा फोटो शाळेच्या भिंतीवर लावावा, हाही मोह मनात होताच. तो मी त्याला सांगितला नाही. इथे कबूल करतो.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कर्जाचा हिशेब मी केलाय. मालाच्या कंपनीत फेडायला वर्षभर जास्त लागेल, एवढंच. पण तिथं मला महिन्याच्या सुरुवातीला कळेल, कुठल्या रात्री मी घरी नाही. आई-बाबा कोपीतून निघाले, की परत कधी येणार ते मुकादमाला माहीत असायचं, आम्हाला नाही. फोन वाजला की उठायचं, ही नोकरी आमच्या घरात एकदा होऊन गेलीय."

मी निरुत्तर झालो. चार दिवस मी कराची, नागपूर आणि मेम्फिस धुंडाळले. त्याने आपल्याच घरचा इतिहास वाचला होता.

जाताना तो आमच्या सौभाग्यवतींना म्हणाला, "काकू, आता रात्री विमानाचा आवाज आला तर घाबरायचं नाही. औषधं असतील नाहीतर पत्रं."

यंदाही दिवाळी सरली की जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतील. कोयते आणि भांडीकुंडी ट्रॅक्टरमध्ये चढतील. त्याच्या घरून मात्र या वर्षी कोणी जाणार नाही. बापाने उचल घेतलेली नाही. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. त्यात एवढेच होते, की अमुक तारखेच्या चार रात्री सुट्टी आहे आणि लक्ष्मीपूजनाला तो घरी आहे. तारीख त्याने सहा आठवडे आधी कळवली होती.