बिल्डर गेल्यावर इमारत कोण चालवणार? फ्लॅटधारकांसाठी सोसायटीची माहिती

राजुरी, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात आपल्या अनेक कुटुंबांनी फ्लॅट घेतले आहेत. घेताना आपण फरशी, नळ, पार्किंग बघतो. बिल्डर निघून गेला आणि पाण्याची मोटर जळली की मग प्रश्न पडतो, पैसे कोण काढणार? इमारत तोंडी भरवशावर चालत नाही, ती कागदावर चालते. त्यासाठी लागणारी माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी नोंदणी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान पाच सभासद किंवा ५१ टक्के फ्लॅटधारक, यातली जी संख्या जास्त असेल ती लागते. म्हणजे बारा फ्लॅटच्या इमारतीत सात जण हवेत. अर्ज सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायचा. बिल्डर सही देत नसेल तरी नोंदणी अडत नाही, असहकार दाखवून अर्ज करता येतो.

जमीन कोणाच्या नावावर?

फ्लॅटचं खरेदीखत झालं तरी खालची जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहू शकते. नोंदणीनंतर ती सोसायटीच्या नावावर करून घ्यावी. टाळाटाळ होत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग आहे. इमारत जुनी होऊन पुन्हा बांधायची वेळ आली की याच कागदाला किंमत येते.

मेन्टेनन्स कसा वाटायचा?

आदर्श उपविधींत वाटणी ठरवून दिली आहे:

- जिन्यातले दिवे, साफसफाई, वॉचमन: सर्व फ्लॅटना समान.
- लिफ्टचा खर्च: तळमजला धरून सर्वांना समान.
- पाणी: फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येनुसार.
- दुरुस्ती निधी: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के.
- सिंकिंग फंड: किमान ०.२५ टक्के.
- फ्लॅट भाड्याने दिल्यास: सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के जादा. भाडेकरू कोण आहे हे बघून दर बदलता येत नाही.

थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. ही वरची मर्यादा आहे, सभेने ठराव करून दर कमी ठेवता येतो. पैसे थकले म्हणून कुणाचं पाणी तोडू नका. वसुलीसाठी निबंधकाकडे अर्ज करता येतो.

सभा आणि हिशेब

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, १४ दिवस आधी लेखी नोटीस देऊन घ्यावी. ऑडिट त्याआधी झालेलं हवं. सोसायटीचं खातं वेगळं ठेवा, सेक्रेटरीच्या खात्यात पैसे घेऊ नका. हा पैसा अमानत आहे, प्रत्येक रुपयाची पावती असली पाहिजे. कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. ठराव इतिवृत्त पुस्तकात लिहा. जिन्यात उभ्या उभ्या झालेला मशवरा ठराव होत नाही.

फ्लॅट विकला किंवा सभासद वारला तर

ग्रामपंचायत हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त ५,००० रुपये घेता येतं. 'इमारतीसाठी देणगी' म्हणून त्याहून जास्त मागणं नियमाला धरून नाही.

नॉमिनेशनबाबत आपल्या घरांत मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वालिदांनी फक्त मोठ्या मुलाचं नाव लावलं, म्हणून आईचा आणि बहिणींचा हिस्सा संपत नाही. मुस्लिम वारसा कायद्यानुसार मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा मिळतो, आणि मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीला मिळतो. नॉमिनीचं नाव सोसायटीच्या दप्तरी लागलं तरी वारसांचे हक्क कायम राहतात. फ्लॅट विकायला निघण्याआधी सर्व वारसांनी बसून वाटणी लेखी करून घ्यावी.

या महिन्यात एवढं करा

खरेदीखत, मंजूर नकाशा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि सामाईक मीटरचं बिल, या चार कागदांच्या प्रती एका फाईलमध्ये लावा. मग सर्व फ्लॅटधारकांना, घरातल्या बायकांनाही, बैठकीला बोलवा. फ्लॅट पुष्कळदा त्यांच्याही नावावर असतो.