कलमदानाची गोष्ट: कागदाला आकार देणारे हात

मराठीत लिहिण्या-वाचण्याशी संबंधित शब्द एकत्र मांडून पाहा. कागद, कलम, शाई, दौत, दफ्तर, कलमदान. पदनामे घ्या, तर फडणीस आणि चिटणीस. यातले बहुतेक शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि इतके मुरले की ते बाहेरचे आहेत असे कुणाला वाटत नाही. शब्द आले तसे ते बनवणारे हातही आले. कागद बनवणारे, तो घोटणारे, पुस्तक बांधणारे, पेटी रंगवणारे. आपण राजांचे वंशवृक्ष पाठ करतो, लढायांच्या तारखा लक्षात ठेवतो. या हातांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

आज दिवाणखान्यात काश्मिरी नक्षीची डबी दिसते. कुणी लग्नात भेट दिलेली असते, कुणी सहलीहून आणलेली असते. तिच्यात दागिने, सुकामेवा, सुई-दोरा असे काहीबाही ठेवले जाते. दुकानदार तिला ‘पेपर माशे’ म्हणतो. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘चावलेला कागद’. ज्या कारागिरांनी ही कला घडवली त्यांनी तिला वेगळे नाव दिले होते: कार-ए-कलमदानी, म्हणजे कलमदानाचे काम. या नावात तिचा सगळा इतिहास दडलेला आहे.

समरकंद ते श्रीनगर

कागदाचा शोध चीनमधला. मुस्लिम जगात तो कसा आला याची एक प्रसिद्ध कथा आहे. इ.स. 751 मध्ये तलास नदीकाठी अब्बासी आणि चिनी फौजांची लढाई झाली, त्यात पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदमध्ये कागद बनवायला शिकवले, असे ती सांगते. आजचे इतिहासकार ही कथा जशीच्या तशी मानत नाहीत, कारण मध्य आशियात व्यापारी आणि बौद्ध भिक्खूंमुळे कागद आधीपासून माहीत होता. पण समरकंद हे कागदाचे मोठे केंद्र बनले आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्येही कागद तयार होऊ लागला, एवढे निश्चित.

बगदादमध्ये ‘वर्राक’ नावाचा एक पेशाच उभा राहिला. वर्राक कागद विकायचा, पुस्तकांच्या नकला करून द्यायचा, पुस्तके बांधायचा. दहाव्या शतकात ‘अल-फिहरिस्त’ ही ग्रंथांची प्रचंड सूची तयार करणारा इब्न अल-नदीम हा अशाच व्यवसायातला माणूस होता. ज्ञानाचा व्यवहार वाढला तसा लेखणीचा मान वाढला, आणि लेखणीचा मान वाढला तसे तिला ठेवायला सुंदर घर हवे झाले. पुस्तकाच्या पुठ्ठ्यासाठी कागदाचे थर एकावर एक चिकटवण्याचे तंत्र बांधणीकारांना येतच होते. तेच थर साच्यावर चढवले की पेटी तयार होते. इराणमध्ये सफवी आणि पुढे काजार काळात अशा रंगवलेल्या, रोगण दिलेल्या कलमदानांना मोठी मागणी होती.

काश्मीरमध्ये ही कला रुजवण्याचे श्रेय परंपरेने दोन नावांना दिले जाते. चौदाव्या शतकात आलेले सूफी मीर सय्यद अली हमदानी, आणि 1420 ते 1470 असा दीर्घ काळ राज्य केलेला सुलतान जैनुल आबिदीन. लोक त्याला आजही ‘बडशाह’ म्हणतात. त्याने समरकंदकडून कागद बनवणारे आणि पुस्तक बांधणारे कारागीर आणवले, असे सांगितले जाते. त्याच्या दरबारात फारसीबरोबर संस्कृतही नांदत होती. महाभारत आणि राजतरंगिणीची फारसी भाषांतरे त्याने करवून घेतली. त्याच्या कारकिर्दीचा वृत्तांत जोनराज आणि श्रीवर या पंडितांनी संस्कृतात लिहिला. जिथे एवढे लिहिले जाते तिथे कागद लागतो, आणि कागद असतो तिथे त्याची रद्दीही साठते. कार-ए-कलमदानीचा कच्चा माल हीच रद्दी.

दोन कारागीर, एक पेटी

ही पेटी एका माणसाची नसते. पहिला कारागीर साख्तसाज. तो पेटीचा सांगाडा घडवतो. दुसरा नक्काश. तो तिच्यावर रंगकाम करतो.

साख्तसाजाचे काम ओले आणि मेहनतीचे. रद्दी कागद काही दिवस पाण्यात भिजवायचा, दगडी उखळीत कुटून त्याचा लगदा करायचा, त्यात तांदळाची खळ मिसळायची. मग तो लगदा लाकडाच्या किंवा मातीच्या साच्यावर थापायचा आणि वाळू द्यायचा. कवच कडक झाले की बारीक करवतीने कापून साच्यावरून सोडवायचे आणि दोन्ही भाग सरसाने पुन्हा जोडायचे. जोड दिसेनासा होईपर्यंत घासायचे. त्यावर खडू आणि सरसाचा पांढरा लेप द्यायचा, भाजलेल्या विटेच्या तुकड्याने तो गुळगुळीत करायचा. पुढे रंगाला भेगा पडू नयेत म्हणून वरून पातळ कागद चिकटवायचा. एवढे सगळे झाल्यावर पेटी नक्काशाकडे जाते.

नक्काश आधी जमिनीचा रंग देतो. मग प्राण्यांच्या केसांच्या बारीक कुंचल्याने, बहुतेक वेळा आधी रेखाटन न करता, थेट नक्षी काढत जातो. चिनाराचे पान, बदामाचा बहर, खंड्या पक्षी, फुलात फूल गुंफलेली ‘गुल-अंदर-गुल’, हजार फुलांची ‘हजारा’. चांगल्या कामात सोन्याचा वर्ख असतो. शेवटी रोगणाचा हात फिरतो आणि कागदाची पेटी पाण्याच्या शिंतोड्यांनाही दाद देत नाही.

डबीकडे पाहणाऱ्याची नजर नक्षीवर ठरते. साख्तसाजाचे काम रंगाखाली जाते. ते चांगले झाले असेल तर दिसतच नाही. म्हणूनच त्याची मजुरी कमी राहिली आणि त्याचा पेशा आधी आटत गेला.

ही कला केवळ डब्यांपुरती नव्हती. श्रीनगरमध्ये झेलमच्या काठी असलेल्या खानकाह-ए-मौला या शाह हमदान यांच्या दर्ग्यात भिंती आणि छत याच रंगकामाने सजलेले आहेत. नक्काशांची अनेक घराणी जडीबलच्या परिसरात राहणाऱ्या शिया कुटुंबांतली. म्हणजे सुन्नी सूफी परंपरेची खानकाह, शिया नक्काश, पंडितांच्या पोथ्या आणि राजांची कलमदाने, सगळीकडे एकच कुंचला फिरत होता.

शालीच्या मागे मागे पॅरिसला

मोगलांनी 1586 मध्ये काश्मीर जिंकले आणि या कलेला दिल्ली-आग्र्याचे गिऱ्हाईक मिळाले. कलमदानाबरोबर संदूक, पालखी, छत, पलंगाचे खांब अशा वस्तूही रंगवल्या जाऊ लागल्या. तिला खरा परदेशी बाजार मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, तोही शालीमुळे. काश्मिरी शालींना फ्रान्समध्ये वेडे व्हावे अशी मागणी होती. उंची शाली अशा नक्षीदार पेट्यांत घालून पाठवल्या जात. तिकडे लोकांना पेटीही आवडली, ती वेगळी विकली जाऊ लागली. त्या बाजारात कार-ए-कलमदानी हे नाव मागे पडले आणि ‘पेपर माशे’ चिकटले.

मग 1870-71 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले. फ्रान्सची बाजारपेठ कोसळली, शालीची फॅशनही ओसरली होती. पाठोपाठ 1877 पासून काश्मीरमध्ये भीषण दुष्काळ पडला. शालीचे विणकर उद्ध्वस्त झाले आणि त्यांच्या आधाराने चालणारे पेटीकारही अडचणीत आले. ज्या कारागिराने पॅरिस कधी पाहिले नव्हते, त्याची चूल पॅरिसच्या भानगडीत विझली. जागतिक बाजार ही आजची गोष्ट आहे असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुढे प्रवासी आणि इंग्रज अधिकारी हे नवे गिऱ्हाईक झाले. त्यांना स्वस्त आणि लवकर माल हवा होता. कागदाच्या लगद्याऐवजी लाकडी पेटीवरच रंग चढू लागला. आज तर तयार पुठ्ठ्याचे डबे आणून त्यांवर नक्षी काढली जाते. नक्काश टिकला, साख्तसाज मागे पडला. गंमत अशी की या कलेला आज जो मोठा हंगाम मिळतो तो नाताळचा. झाडाला टांगायचे गोळे, घंटा, चांदण्या श्रीनगरच्या मुसलमान घरांत रंगतात आणि युरोप-अमेरिकेच्या ख्रिस्ती घरांत लटकतात. युनेस्कोने 2021 मध्ये श्रीनगरला हस्तकला आणि लोककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्या मानात या घरांचा वाटा मोठा होता.

आपल्या अंगणातले कागदी

हे सारे काश्मीरचे झाले, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा नावाचे गाव लागते. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानी केली, तेव्हा आलेल्या लोकांबरोबर कागद बनवणारेही आले आणि इथे वसले, अशी इथली परंपरा सांगते. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. पुण्यात कसबा पेठेजवळ कागदीपुरा हे नाव अजून टिकून आहे. ‘कागदी’ हे आडनाव तर अनेक मराठी मुसलमान कुटुंबांत आहे.

इथली रीत काश्मीरच्या भावंडासारखी होती. जुने तागाचे आणि अंबाडीचे दोर, गोणपाट, चिंध्या चुन्यात भिजवून कुटायच्या. नदीच्या पाण्यात लगदा धुवायचा. हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटल्याशिवाय बोरू कागदावर चालत नाही, शाई पसरते.

या कागदावर काय लिहिले गेले? निजामशाहीची फर्माने, मराठ्यांची मोडी पत्रे, देवस्थानांच्या सनदा, मशिदींच्या इनामांची कागदपत्रे, संतांच्या गाथांच्या वह्या, कुराणाच्या नकला. पेशवे दफ्तरातल्या कापडी रुमालांत बांधलेल्या लाखो कागदांवर आज महाराष्ट्राचा इतिहास उभा आहे. त्यांतल्या कितीतरी तावांवर कुणा कागदी मुसलमानाचा हात फिरलेला आहे. इतिहासात मुसलमान म्हटले की तलवारच आठवणाऱ्यांनी कधी मोडी पत्र उजेडासमोर धरून पाहावे. चाळणीच्या काड्यांच्या रेषा त्यात दिसतात. त्या रेषा म्हणजे कागदी माणसाची सही आहे.

एकोणिसाव्या शतकात तुरुंगांतून बनणारा स्वस्त कागद आणि गिरण्यांचा कागद आला. 1882 मध्ये बंगालात टिटागडची गिरणी उभी राहिली. हातकागद सरकारी कचेऱ्यांतून हद्दपार झाला. वर्ध्यात 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने त्याला पुन्हा हात दिला, पुण्यात 1940 मध्ये हातकागदाची संस्था निघाली. म्हणून ही विद्या पूर्ण मेली नाही. पण आता लेखणीसाठी तिची गरज उरलेली नाही. हातकागद जगतो तो भेटवस्तूंच्या पिशव्यांत, लग्नपत्रिकांत, फायलींत आणि सजावटीच्या डब्यांत.

डबी उचलताना

काहींना यात अधोगती वाटते. ज्या कागदावर फर्मान उमटले त्याची आता पिशवी व्हावी? मला तसे वाटत नाही. कलमदान हीसुद्धा शेवटी घरात वस्तू नीट ठेवण्याचीच सोय होती. रोजच्या वापरातली गोष्ट सुंदर असावी, हा या कारागिरांचा पहिल्यापासूनचा आग्रह होता. गिऱ्हाईक बदलले, वस्तू बदलली, आग्रह तोच राहिला. खरा प्रश्न त्या आग्रहाची किंमत कोण मोजतो हा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी नक्षीची डबी घ्याल तेव्हा दोन गोष्टी करा. आधी ती हातात तोलून पाहा. खऱ्या लगद्याची डबी दिसते त्यापेक्षा हलकी लागते, लाकडाची जड. मग विक्रेत्याला विचारा, सांगाडा कुणी बनवला? बहुतेकांना सांगता येणार नाही. पण हा प्रश्न पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारला, तर उत्तर ठेवणे त्यांना भाग पडेल आणि साख्तसाजाच्या मुलाला बापाचा पेशा सोडण्याची घाई राहणार नाही.

आणि आपल्या कुणाच्या घरात ‘कागदी’ आडनाव असेल, तर वडीलधाऱ्यांना एकदा बसवून विचारा. चाळणी कशाची होती, घोटायचा दगड कुठून यायचा, खळ कोण शिजवायचे. दादी-नानीला यातले बरेच ठाऊक असते, कारण तावाला खळ लावण्यासारखी कामे घरातच होत. ते लिहून ठेवा. शेकडो वर्षे दुसऱ्यांचे लिहिणे सांभाळणाऱ्या या माणसांचे स्वतःचे असे फारच थोडे लिहिले गेले आहे.