मोटारीखालचा शहाबादी दगड

पुण्यात किंवा सोलापुरात जुन्या बंगल्याच्या गॅरेजचे दार उघडले की पायाखाली बहुधा करडी शहाबादी फरशी लागते. आतल्या खोल्यांत मोझॅक गेले, व्हिट्रिफाइड आले. गाडीखालचा दगड मात्र तोच राहिला. त्याचे हे टिकणे दखल घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात दगड म्हणजे काळा बसाल्ट. त्याच्या पातळ लाद्या निघत नाहीत. पाथरवटाने तासून तासून सपाटी आणायची. ते श्रीमंतांच्या वाड्याला परवडे. बाकीच्या घरांत चोपलेली जमीन आणि शेणाचे सारवण. शहाबादचा दगड वेगळा. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक थरांनी बनलेला, पहार घालून उचकटला की वहीच्या पानासारखा सुटतो.

शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आज ते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. एवढा जड माल बैलगाडीने पुण्या-मुंबईला आणणे अवघडच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचली. शहाबाद याच मार्गावर. मग हा दगड स्वयंपाकघराच्या ओट्यापासून रेल्वेच्या फलाटापर्यंत सगळीकडे दिसू लागला.

मोटारीसाठी त्याची पॉलिश न केलेली, खरबरीत फरशीच योग्य. पावसाळ्यात ओली चाके आत आली की गुळगुळीत फरशीवर माणूस घसरतो.

पण खरी परीक्षा फरशीखाली असते. मोटारीचे सगळे वजन चार चाकांच्या तळव्याएवढ्या जागेवर येते. जाणता गवंडी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक लादी वाजवून पाहतो. भरीव आवाज आला तर ठीक. डबडब वाजली तर खाली पोकळी आहे, आणि ती लादी आज ना उद्या तडकणार. खाली काँक्रीट, त्यावर मसाल्याचा सलग थर आणि पाणी दाराकडे वाहील असा ढाळ, यात काटकसर नको.

चुनखडक असल्यामुळे आम्ल हा त्याचा वैरी. जुन्या बॅटरीतून आम्ल ठिबकले की फरशी फसफसते आणि तिथे पांढरट, खडबडीत चट्टा कायमचा उरतो. संडास धुण्याचे अ‍ॅसिडही तेच करते. तेल सांडले तर लगेच लाकडाचा भुसा टाकावा, तो झाडून काढावा आणि साबणाच्या पाण्याने घासावे; दगडात मुरलेले तेल सहजी निघत नाही. दरजांतले सिमेंट झिजले की पुन्हा भरून घ्यावे, नाहीतर तिथून पाणी खाली उतरते.

जुने गॅरेज नवे करताना सरसकट फरशी उखडू नये. आधी वाजवून पाहावी. पोकळ वाजतील तेवढ्याच लाद्या काढून, खालचा थर भरून, धड असतील त्या पुन्हा बसवता येतात.