सुवाह्य हौशी रेडिओ संचाची बॅटरी

सुवाह्य हौशी रेडिओ संचाची बॅटरी म्हणजे वीजपुरवठा नसलेल्या ठिकाणी अल्पशक्तीचा ट्रान्सिव्हर चालवण्यासाठी वापरली जाणारी, पुन्हा चार्ज करता येणारी विद्युतघटमाला होय. संच सहज नेता यावा यासाठी ती हलकी असावी लागते. मात्र हलक्या बॅटऱ्यांत थोड्या जागेत बरीच ऊर्जा साठवलेली असल्याने निवड करताना सुरक्षिततेचा विचार महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

हौशी रेडिओत मोर्स संदेशांसाठी ५ वॅट आणि ध्वनिसंभाषणासाठी १० वॅटपर्यंतच्या प्रेषणास सामान्यतः अल्पशक्ती किंवा 'क्यूआरपी' म्हणतात. भारतात असे केंद्र चालवण्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो. हैदराबादचे अशहर फरहान यांनी रचना केलेला 'बिटएक्स' हा १२ व्होल्टवर चालणारा संच जगभरच्या हौशी मंडळींनी स्वतः बांधला आहे. १९९३ चा लातूरचा भूकंप आणि डिसेंबर २००४ ची त्सुनामी या आपत्तींत हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास मदत केली. अशा वेळी वीजपुरवठा खंडित झालेला असल्यास संचाचा उपयोग बॅटरीवरच अवलंबून असतो.

विद्युतदाब व धारकता

अनेक संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि त्यात १५ टक्के कमीजास्त दाब चालतो. म्हणजे मर्यादा सुमारे ११.७ ते १५.९ व्होल्ट असते. काही संच याहून कमी दाबावरही चालतात. आयकॉमचा 'आयसी-७०५' हा संच स्वतःच्या ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर ५ वॅट, तर बाहेरील १३.८ व्होल्टवर १० वॅट शक्ती देतो. त्यामुळे प्रत्येक संचाची मर्यादा त्याच्या माहितीपुस्तिकेतून पाहावी लागते.

धारकता अँपिअर-तासांत मोजतात. समजा, एखादा संच ग्रहण करताना ०.४ अँपिअर व प्रेषण करताना २ अँपिअर विद्युतधारा घेतो आणि एकूण वेळेपैकी पाचवा हिस्सा प्रेषण चालते. मग सरासरी ०.७२ अँपिअर होते आणि चार तासांना सुमारे २.९ अँपिअर-तास लागतात. राखीव धरूनही ४ ते ६ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. गरज एवढी मर्यादित असल्याने मोठ्या किंवा जोखमीच्या बॅटरीची आवश्यकता सहसा नसते.

प्रकार

शिसे-आम्ल: सहा घटांची १२ व्होल्टची बंदिस्त बॅटरी स्वस्त व टिकाऊ असते. परंतु ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीचे वजन दोन किलोहून अधिक भरते, आणि तिचे आयुष्य राखण्यासाठी साधारण निम्मीच धारकता वापरतात. अतिचार्जिंग झाल्यास तीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

निकेल-मेटल हायड्राइड: प्रत्येक घट १.२ व्होल्टचा असतो; दहा घट एकसर जोडल्यास १२ व्होल्ट मिळतात. हा प्रकार तुलनेने सुरक्षित, पण वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवणारा आहे.

लिथियम-आयन: पूर्ण चार्ज झालेला घट ४.२ व्होल्टचा असतो. तीन घटांचा संच १२.६ व्होल्टपासून सुरू होऊन वापराबरोबर खाली उतरतो. चार घटांचा संच १६.८ व्होल्टपर्यंत जातो आणि वरील मर्यादा ओलांडून ट्रान्सिव्हर निकामी करू शकतो. हा प्रकार सर्वांत हलका असला, तरी घट बिघडल्यास उष्णता अनियंत्रितपणे वाढून आग लागण्याचा धोका यात अधिक असतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट: जॉन गुडइनफ, अक्षय पाधी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या धनाग्र-पदार्थावरील संशोधन प्रसिद्ध केले. चार घटांचा संच सरासरी १२.८ व्होल्टचा व पूर्ण चार्ज असता १४.६ व्होल्टचा असतो, म्हणजे १३.८ व्होल्टच्या संचास तो थेट जुळतो. फॉस्फेटमधील ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने हा प्रकार उष्णतेला अधिक काळ तोंड देतो. तथापि तो अग्निरोधक नव्हे. वजन, दाब व सुरक्षितता यांचा मेळ येथे सर्वांत चांगला बसतो.

धोके व संरक्षण

चार्जर बॅटरीच्या प्रकाराशी जुळणारा असणे अत्यावश्यक असते. १४.६ व्होल्टचा चार्जर चुकून तीन घटांच्या लिथियम-आयन संचाला लावल्यास प्रत्येक घटावर सुमारे ४.९ व्होल्ट येतात. संरक्षक मंडळ नसल्यास यातून आग लागू शकते. संरक्षक मंडळ अतिचार्जिंग, अतिविसर्जन व लघुपरिपथ यांवर लक्ष ठेवते, पण ते फ्यूजची जागा घेत नाही. फ्यूज धन टोकाच्या शक्य तितका जवळ बसवतात, कारण त्याच्या अलीकडील तारेला संरक्षण मिळत नाही. फुगलेली, चेपलेली किंवा विनाकारण तापणारी बॅटरी पुन्हा वापरात घेत नाहीत. सौर तावदानाचा दाब बॅटरीच्या मर्यादेपेक्षा जास्त असू शकतो; म्हणून मध्ये चार्ज-नियंत्रक जोडतात.

किनारी भागातील वापर

पालघर जिल्ह्यातील अर्नाळ्याचा किल्ला समुद्रातील बेटावर असून तेथे होडीने जावे लागते. अशा ठिकाणी खारी हवा टोकांना गंज चढवते, वाळू जोडण्यांत शिरते आणि समुद्राचे पाणी वीजवाहक असल्याने उघड्या टोकांमधून विद्युतधारा वाहू लागते. खाऱ्या पाण्यात पडलेली बॅटरी वरून सुकली तरी आत मीठ उरते; तिचे चार्जिंग धोकादायक असते. बेटावर किंवा होडीत मदत पोहोचण्यास वेळ लागत असल्याने टोके झाकणे, बॅटरी जलरोधक पेटीत नेणे आणि ती भर उन्हात न ठेवणे ही खबरदारी येथे अधिक महत्त्वाची ठरते.

विल्हेवाट

बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार निकामी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे सोपवावी लागते. त्यापूर्वी टोकांवर चिकटपट्टी लावल्यास लघुपरिपथ टळतो.