टाइमस्टँपिंग, हार्डवेअर : स्विच ड्रायव्हरमधील कोडची तपासणी

नेटवर्क स्विचच्या पोर्टातून पॅकेट नेमके कोणत्या क्षणी आत आले किंवा बाहेर पडले, याची नोंद स्विचच्या चिपनेच करणे म्हणजे हार्डवेअर टाइमस्टँपिंग. हीच नोंद सॉफ्टवेअरने केली, तर इंटरप्टची वाट पाहण्यात आणि रांगेत थांबण्यात गेलेला वेळही तिच्यात मिसळतो, आणि तो दर वेळी वेगळा असतो. आयईईई १५८८ या मानकातील पीटीपी प्रोटोकॉल (पहिली आवृत्ती 2002, दुसरी 2008) दोन घड्याळांतला फरक अशा चार नोंदींवरून काढतो. चारांतली एक जरी चुकली, तरी उत्तर चुकते.

लिनक्समध्ये टाइमस्टँप मागण्याची सोय 2009 मध्ये आली आणि पीटीपी घड्याळांची सामाईक चौकट 2011 मध्ये. स्विचसाठीच्या डीएसए या व्यवस्थेत मार्व्हेलच्या ८८ई६एक्सएक्सएक्स मालिकेच्या ड्रायव्हरला 2018 साली, तर एनएक्सपीच्या एसजेए११०५ ला 2019 साली ही क्षमता मिळाली. हे दोन ड्रायव्हर शेजारी ठेवून वाचले, की तपासणी करणाऱ्याने कुठे थांबायचे ते कळते.

सर्वांत आधी पाहायचे ते पॅकेट आणि नोंद यांची जोडी. मार्व्हेलच्या चिपमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटच्या नोंदीसाठी प्रत्येक पोर्टाला एकच जागा असते. म्हणून ड्रायव्हर ‘काम चालू आहे’ अशी खूण करतो. त्या अवधीत दुसरे पॅकेट आले, तर ते नोंदीविना जाऊ देतो. चिपकडून नोंद मिळाल्यावर तिच्यातला अनुक्रमांक पॅकेटातल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहतो आणि 40 मिलिसेकंदांत ती आलीच नाही, तर नाद सोडतो. यातली अनुक्रमांकाची तुलना गाळली, तर याची टोपी त्याला बसते. नोंद आलीच नाही, तर पीटीपीचा प्रोग्रॅम निदान तक्रार करतो. चुकीची नोंद मात्र तो निमूटपणे खरी धरतो. तपासणीत हाच धोका सर्वांत मोठा मानायला हवा.

दुसरी जागा काउंटर उलटण्याची. मार्व्हेलचा काउंटर 32 बिटांचा. 8 नॅनोसेकंदांच्या ठोक्याने तो सुमारे 34 सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. म्हणून ड्रायव्हर त्याच्या निम्म्याहून कमी अंतराने, सुमारे 16 सेकंदांनी, तो वाचत राहतो. एसजेए११०५ च्या जुन्या प्रकारांत अडचण याहून बिकट आहे : आलेल्या पॅकेटच्या नोंदीचे फक्त 24 बिट हाती येतात आणि ते सुमारे 134 मिलिसेकंदांत उलटतात. समजा, पॅकेटची नोंद 1,67,00,000 आहे आणि आताच्या घड्याळाचे खालचे 24 बिट 1,00,000 दाखवतात. नोंद मोठी, म्हणजे मधे काउंटर उलटला. वरचे बिट जोडताना एक फेरी वजा केली, तर पॅकेट सुमारे 1.42 मिलिसेकंदांपूर्वी आले असे बरोबर उत्तर मिळते. वजाबाकी विसरली, तर तेच पॅकेट अजून यायचे आहे, 133 मिलिसेकंदांनी येईल, असा हिशेब निघतो! घड्याळ नेमके कधी वाचले, हेही इथे बघावेच लागते : पॅकेट आल्यानंतरच, आणि एक फेरी पुरी होण्याआधी.

तिसरा प्रश्न, कोड कुठे चालतो. पॅकेट पाठवण्याच्या वाटेवर थांबायला मुभा नसते. स्विचची रजिस्टरे मात्र एमडीआयओ किंवा एसपीआयसारख्या संथ बसवरून वाचावी लागतात आणि तिथे थांबल्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे पॅकेटची प्रत जपून ठेवायची आणि वाचनाचे काम वेगळ्या वर्करकडे सोपवायचे, ही रीत. मग ती प्रत प्रत्येक वाटेने, अगदी मुदत संपल्यावरही, मोकळी होते का, हे ओळीओळीने पाहिले पाहिजे. नाहीतर मेमरी गळत राहते.

चौथी बाब फिल्टरची, म्हणजे कोणत्या पॅकेटांची नोंद करायची या निवडीची. वापरकर्त्याने मागितलेल्या फिल्टरहून व्यापक फिल्टर लावला असेल, तर ड्रायव्हरने तसे परत कळवायचे असते; मागणी झेपणारी नसेल, तर चूक-संकेत द्यायचा.

स्विच आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या इथरनेट कंट्रोलरलाही कधी कधी टाइमस्टँप देता येतो. मग एकाच पॅकेटवर दोन वेगळ्या घड्याळांच्या नोंदी पडू शकतात. स्विचला पीटीपी येत असेल, तर डीएसए त्या कंट्रोलरवरची टाइमस्टँपची विनंती नाकारते. तरीही कंट्रोलरचा ड्रायव्हर तपासताना, पॅकेटवर मागणीची खूण दिसली एवढ्यावरच तो नोंद देतो, की आपल्याकडे ही सोय चालू केलेली आहे का हेही पाहतो, ते वाचावे लागते.