पाळणाघरात मूल पडले, तर तुम्हाला कधी कळते?

१८४४ साली पॅरिसमध्ये फिरमँ मार्बो यांनी कष्टकरी आयांसाठी पाळणाघर सुरू केले. आया कामातून मधेच येऊन बाळाला अंगावर पाजत. बाळ दिवसाही आईच्या डोळ्यांखालून जाई. आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली, आईला दिवसातून चार भेटींची मुभा दिली.

पण तुमच्यापैकी बहुतेक जण संध्याकाळीच पोचता. मूल डोक्यावर पडले असेल, तर मी आधी विचारतो: किती वाजता? शुद्ध हरपली? उलटी झाली? उत्तर फक्त ताईंकडे असते. म्हणून त्यांनी लगेच फोन करावा आणि वेळ, काय घडले, काय केले हे लिहून द्यावे. प्रवेश घेतानाच हे ठरवून घ्या.